समुद्रकाठची बाग आणि आपली कोजागिरी

(मंडळाच्या वैशाखातल्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण हा आमचा प्रांत नव्हे. आम्ही साबांखातली माणसं, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्यातली, आणि त्यातही डिप्लोमावाले. साहेब फाईलवर सही करतात, उन्हात टेपचं दुसरं टोक धरून उभं राहायचं काम आमच्याकडे. वीस-बावीस वर्षं ते टोक धरलं. पण चिटणीस वहिनींनी फोन करून सांगितलं, "तुम्हाला त्यातलं कळतं, तुम्हीच बोला," तेव्हा नाही म्हणता आलं नाही. बोलताना 'आम्ही' येतं त्याला हसू नका. कचेरीच्या टिपणीत 'मी' लिहायची पद्धत नाही, ती सवय लागली. शिवाय आज जे सांगायचं आहे ते आम्ही तिघा कनिष्ठ अभियंत्यांनी मिळून केलेलं काम आहे. त्यातलं चांगलं तिघांचं आणि वाईटही तिघांचं.

विषय सगळ्यांना ठाऊक आहे. यंदा मंडळाला ५० वर्षं पूर्ण होतात आणि सुवर्णमहोत्सवी कोजागिरी मिरामारला, बागेत आणि समोरच्या वाळूवर करावी असा ठराव तरुण मंडळींनी मांडला आहे. ठरावाच्या बाजूने जे बोलले गेलं ते सगळं खरं आहे. आपलं सभागृह ३०० खुर्च्यांचं. गेल्या कोजागिरीला दूध आटवलं, भेंड्या झाल्या, गाणी झाली, आणि चंद्र बघायला आपण पाच-पाच जण जिन्याच्या खिडकीत गेलो. ट्यूबलाइटखाली बसून कोजागिरी करायची वेळ आली हे कोणालाच आवडलेलं नाही. आणि पणजीत राहून मांडवी जिथे समुद्राला मिळते ती जागा सोडून चार भिंतींत बसायचं, हे आम्हालाही पटत नाही. भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी तिथे, सुरूची झाडं तिथे, संध्याकाळी अर्धी पणजी तिथेच फिरते. जागा आपल्या सवयीची आहे.

या सवयीचीच आम्हाला भीती वाटते. किनाऱ्यावरची मोकळी जागा बघितली की माणसाला वाटतं, इथे काय, कितीही लोक मावतील. भिंत नाही, छप्पर नाही, दार नाही. आमच्या हिशेबात मात्र अशी जागा तीन भिंतींच्या खोलीसारखी असते. दोन बाजूंना मंडपाचे पडदे आणि दुकानं, आणि समोरची भिंत म्हणजे समुद्र. आणि ही भिंत रात्रीतून पुढे सरकते.

हे पुस्तकात वाचून सांगत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ठिकाणाचं आणि आयोजकांचं नाव घेत नाही, कारण चूक जितकी त्यांची तितकीच आमची. समुद्रकाठच्या एका बागेत गाण्याचा मोठा कार्यक्रम होता. दिवस दसरा-दिवाळीच्या मधले. चंद्र दिसावा म्हणून पौर्णिमेलाच चिकटून तारीख धरलेली. बैठकव्यवस्थेचा नकाशा आणि मंडपाची पाहणी आमच्याकडे होती. दोन दिवस आधी दुपारी साडेचारला आम्ही तिघं जागेवर गेलो. वाळू इतकी लांबवर पसरलेली की पाण्यापर्यंत चालत जायलाच कंटाळा यावा. टेप लावली, खुर्च्यांच्या रांगा आखल्या. मंच बागेच्या बाजूला, लोक वाळूवर, त्यांच्या पाठीशी समुद्र. आयोजकांनी सांगितलं, पास तपासायचे आहेत, तेव्हा दार एकच ठेवा. आम्ही मंचाच्या बाजूला आठ फुटांचं एक दार काढलं आणि बाकी सगळीकडे बांबू आडवे बांधायला सांगितले. नकाशा सुंदर दिसत होता. सही झाली.

कार्यक्रमाच्या रात्री साडेनऊच्या सुमाराला मागच्या रांगेतल्या लोकांच्या चपला भिजल्या. प्रथम हसणंखिदळणं झालं. लोक उठले, खुर्ची हातात घेऊन दोन रांगा पुढे येऊन बसले. मग त्यांच्यापुढचे उठले. पंधरा-वीस मिनिटांत मागची मोकळी जागा संपली आणि माणसं, खुर्च्या, मुलं सगळी पुढच्या अर्ध्या भागात दाटली. मंचावर गाणं चालूच होतं. आणि तेवढ्यात पाऊस आला. ऑक्टोबरातला पाऊस आपल्याकडे सह्याद्रीकडून येतो, आणि आपण सगळे तोंड करून बसलेले असतो मंचाकडे किंवा समुद्राकडे. ढग कोणी बघितलाच नाही. पहिला गडगडाट झाला आणि २,००० माणसं एका दाराकडे निघाली.

आठ फुटांचं दार म्हटलं तरी त्यात पास तपासायचं टेबल होतं, ते कोणी उचललेलं नव्हतं. राहिली चार फूट वाट. नंतर आम्ही गणित केलं. एक मीटर रुंदीच्या सपाट वाटेतून माणसं शिस्तीने चालली तर मिनिटाला साधारण ८० बाहेर पडतात. चार फुटांतून फार तर १०० धरा. म्हणजे २,००० माणसांना २० मिनिटं. पावसात, अंधारात, कडेवर मूल घेऊन २० मिनिटं कोण थांबेल? आणि वाळूत चालणं सपाट फरशीवर चालण्यासारखं नसतं. पाय रुतला की मागचा येऊन आपटतो.

त्या रात्री मोठं काही घडलं नाही ते आमच्यामुळे नव्हे. मंडपवाल्याचा एक कामगार होता. त्याने कोणाला विचारलं नाही. कोयता काढला आणि कडेच्या बांबूंचे काथ्याचे दोर सपासप तोडत गेला. पन्नास-साठ फूट कुंपण आडवं झालं आणि लोक बागेतून रस्त्यावर गेले. दुसऱ्या दिवशी आयोजकांनी त्याच्या मुकादमाकडून तोडलेल्या दोरांचे पैसे कापल्याचं कानावर आलं. आमच्या अहवालात लिहिलं गेलं, कार्यक्रम शांततेत पार पडला.

पण आमच्या शेजारच्या काकी दाराजवळ पडल्या. आम्हीच दिलेल्या पासवर त्या आल्या होत्या. केबलवर टाकलेल्या फळीला पाय अडकला आणि मागून लोंढा आला. कोणीतरी दोघांनी त्यांना ओढून बाहेर काढलं, पण खुब्याचं हाड मोडलं. आम्ही इस्पितळात भेटायला गेलो. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "अरे बाबा, मला एक सांग, दार एकच का ठेवलं होतंत?" आम्ही म्हटलं, पास तपासायचे होते. त्या म्हणाल्या, "आत येताना तपासायचे होते ना? बाहेर जातानाही?"

या प्रश्नाला आमच्या डिप्लोम्यात उत्तर नव्हतं. काकी त्यानंतर काठीशिवाय चालल्या नाहीत. इथल्या कोजागिरीलाही आल्या नाहीत. जिना चढवत नाही म्हणतात.

तेव्हापासून आम्ही तिघांनी किनाऱ्यावरच्या गर्दीबद्दल जे दिसेल ते बघायचं आणि वाचायचं ठरवलं. त्यातलं जे आपल्या कामाचं आहे तेवढं सांगतो.

पहिलं भरतीचं. कोकणातल्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढे भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. कोजागिरीच्या रात्री सव्वाअकराच्या सुमाराला भरती पूर्ण असणार, आणि तीही उधाणाची, कारण पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात छापलेली असते, त्यावरून घ्यावी. पण काही मिनिटं इकडेतिकडे झाली तरी मुद्दा तोच राहतो. दूध आटून, केशर घालून, चंद्राचं प्रतिबिंब पातेल्यात बघायची जी वेळ, तीच समुद्र सगळ्यात पुढे येण्याची वेळ. आणि त्याच हिशेबाने संध्याकाळी पाचच्या सुमाराला ओहोटी. म्हणजे आपली समिती ऑफिस सुटल्यावर जागा बघायला जाईल तेव्हा वाळू सगळ्यात रुंद दिसेल. आमची चूक याच वेळेमुळे झाली होती.

फरक किती? आपल्या किनाऱ्याला उधाणाच्या दिवशी ओहोटी आणि भरती यांच्या पातळीत सुमारे दोन मीटरचं अंतर पडतं. दोन मीटर म्हणजे माणसाच्या उंचीपेक्षा थोडं जास्त, ऐकायला फार वाटत नाही. पण किनाऱ्याचा उतार तीस फुटाला एक फूट असा मंद धरला तर पाणी आडवं ६० मीटर आत येतं. जवळजवळ २०० फूट. दिवसा २०० फुटांत मांडलेल्या खुर्च्या रात्री पाण्यात. आणि आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात समुद्र किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतो आणि दिवाळीनंतर हळूहळू परत आणून टाकतो. आत्ता वैशाखात जी वाळू दिसते तेवढी आश्विनात नसते. तेव्हा आज कोणी टेप घेऊन गेलं तरी आलेल्या आकड्यावर भरवसा ठेवता येणार नाही.

दुसरं बाहेर पडण्याचं. लोक विचारतात, मैदानात किती माणसं मावतात? आम्ही विचारतो, मैदानातून मिनिटाला किती माणसं बाहेर जातात? ब्राझीलमधल्या रिओ शहराचा कोपाकबाना किनारा तुम्ही सिनेमात बघितला असेल. २००६ च्या फेब्रुवारीत तिथे रोलिंग स्टोन्स या इंग्रज मंडळींचा फुकट कार्यक्रम झाला, दहा लाखांहून जास्त माणसं होती. २०१३ च्या जुलैत पोप फ्रान्सिस आले होते तेव्हाची गोष्ट तर आम्हा बांधकामवाल्यांना फारच आवडते. शेवटच्या मोठ्या प्रार्थनेसाठी शहराबाहेर ग्वाराचिबा इथे मैदान तयार केलं होतं. पाऊस आला आणि मैदानाचा चिखल झाला. मग सगळा कार्यक्रम ऐनवेळी कोपाकबानाच्या वाळूवर हलवला. वाळूत पाणी साचत नाही, मुरतं, एवढं साधं कारण. पण तिथे लाखो लोक मावतात ते वाळूमुळे नव्हे. तो किनारा सुमारे चार किलोमीटर लांब आहे, त्याला लागून तितकाच लांब रुंद रस्ता आहे आणि त्या रस्त्यातून शहरात एकामागून एक गल्ल्या जातात. प्रत्येक गल्ली म्हणजे एक दार. तिथे कोणी बांबू बांधून एकच दार ठेवलं असतं तर?

आपल्या देशातलं उदाहरण जवळचं आहे आणि दुःखद आहे. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्या विमानांची प्रात्यक्षिकं झाली. लाखो लोक आले. दोन तासांचा कार्यक्रम, पण माणसं सकाळपासून उन्हात वाळूवर उभी. सावली नाही, प्यायचं पाणी मिळेना, आणि संपल्यावर सगळे एकदम निघाले. पाच जण दगावले. कोणी चेंगरलं म्हणून नव्हे, उन्हाने आणि दमून. मरीना काही लहान किनारा नाही. जागा भरपूर होती, पण पाण्याची आणि परतीच्या वाटेची सोय तेवढी नव्हती. आणि आपल्या राज्यात २०२५ च्या मे महिन्यात शिरगावच्या लईराईच्या जत्रेत उतारावर जे घडलं ते इथे बसलेल्या कोणालाही नव्याने सांगायला नको. देवीचं अग्निदिव्य बघायला गेलेली माणसं घरी परतली नाहीत. त्यावर आणखी बोलवत नाही.

तिसरं मंचाचं. मुंबईत गिरगाव चौपाटीवर १४ फेब्रुवारी २०१६ ला 'मेक इन इंडिया' सप्ताहातली महाराष्ट्र रजनी होती. मुंबई उच्च न्यायालयाने चौपाटीवर कार्यक्रमाला परवानगी नाकारली होती, ती पुढे सर्वोच्च न्यायालयाने दिली. लावणीचं नृत्य चालू असताना मंचाला आग लागली. मुख्यमंत्री, मोठमोठे कलाकार, परदेशी पाहुणे सगळे समोर. समुद्रावरच्या वाऱ्याने बघता बघता सगळा मंच पेटला. जीवितहानी झाली नाही, लोकांना बाहेर काढता आलं. हीच ती चौपाटी, जिथे १ ऑगस्ट १९२० ला भर पावसात लोकमान्यांना लाखोंनी निरोप दिला. त्या गर्दीला मंच नव्हता, पडदे नव्हते, लाइटही नव्हते. आता आपण या सगळ्या गोष्टी आणतो आणि प्रत्येक गोष्ट वाऱ्यात उभी करतो.

वाऱ्याचं गणित सोपं आहे, ऐकून ठेवा. मंचामागे आपण फ्लेक्स लावतो. समजा ४० फूट बाय २० फूट, मंडळाचं नाव, गणपती, पाच देणगीदारांचे फोटो. ताशी ४० किलोमीटर वारा सुटला तर त्या फ्लेक्सवर साडेपाचशे किलोचा रेटा पडतो. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, दोन टनांच्या वर. आणि हे सगळं उभं कशावर? वाळूत दोन फूट पुरलेल्या बांबूवर. ऑक्टोबरातल्या गडगडाटी पावसाआधी जी वावटळ येते तिला तेवढं पुरतं. देणगीदारांची माफी मागून सांगतो, फ्लेक्स नको. मागे आकाश आहे, समुद्र आहे, त्यावर फोटो लावायची गरज काय?

आता आम्हाला काय सुचतं ते सांगतो. चर्चा तुम्ही करा.

कोजागिरी मिरामारला करावी. पण वाळूवर नको, बागेच्या भागात आणि सुरूच्या सावलीत करावी. ओल्या वाळूवर आणि वाळूच्या टेकड्यांवर काही उभारायला सीआरझेडचे नियम सगळ्यात कडक आहेत, आणि ते बरोबरच आहे. त्या टेकड्यांनीच मागचा रस्ता आजवर राखला. एकही खुर्ची वाळूत जाऊ नये. ज्याला पाण्यात पाय बुडवायचे त्याने कार्यक्रमाआधी, उजेडात बुडवावेत. टॉवरवरचे जीवरक्षक रात्री नसतात, आणि नदी-समुद्राच्या तोंडाशी ओढ किती असते हे जुन्या पणजीकरांना सांगायला नको.

मंच समुद्राकडे पाठ करून नको आणि रस्त्याकडे पाठ करूनही नको. बागेच्या एका टोकाला, आडवा. म्हणजे बसलेल्या प्रत्येक रांगेचं एक टोक रस्त्याच्या बाजूला येतं. लहान मूल रडलं, कोणाला घेरी आली, पाऊस आला, तरी माणूस आपल्या रांगेतून सरळ बाहेर. त्या बाजूला आडवे बांबू अजिबात बांधायचे नाहीत. फार तर दोर, तोही गाठ सोडता येईल असा, आणि दर तीस फुटांवर एक स्वयंसेवक. त्याच्या हातात टॉर्च असावी आणि गाणं ऐकायचं असेल तर त्याने स्वयंसेवक होऊ नये. (आमचे चिरंजीव मागे बसलेत, त्यांनी ऐकलं असेल.)

पास ठेवायचे की नाही यावर कार्यकारिणीत वाद आहे असं कळलं. आमचं मत, ठेवू नका. मोकळ्या जागेत फिरायला आलेला माणूस थांबणारच, त्याला हाकलणं शोभत नाही आणि जमतही नाही. त्याऐवजी दूध दीडपट आटवा. पण माणसं मोजा. रस्त्याच्या बाजूने येणारे दोघा पोरांनी मोजावेत. एका चौरस मीटरला दोन माणसं उभी असतील तर कोजागिरी सुखात होते. चार झाली की धक्काबुक्की, आणि त्याच्या पुढे गेलं की माणूस स्वतःच्या पायाने चालत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. आपल्या आखलेल्या जागेत १,५०० माणसं भरली की माईकवरून नम्रपणे सांगायचं आणि नव्या लोकांना फुटपाथवर थांबवायचं. हे सांगायला अध्यक्षांनी स्वतः उभं राहावं, तरुण पोरांचं कोणी ऐकत नाही.

माईकचं निघालंच आहे तर, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातले फार तर १५ दिवस सरकार बारापर्यंत सवलत देतं. त्या यादीत कोजागिरी असेल तर उत्तम, नसेल तर दहाला माईक बंद. आमच्या मते तेच चांगलं. दहापर्यंत कार्यक्रम, मग माईक नाही, पेटी आणि तबला तेवढा, आणि साडेदहापर्यंत दूधवाटप. मध्यरात्रीची वाट बघायला नको. कदंबची शेवटची बस कधीच गेलेली असते, आणि सगळ्या मोटारी एकदम मिरामार सर्कलला आल्या की तिथेच चंद्र मावळेल. दूध साडेदहाला प्यायलं म्हणून लक्ष्मी रागावणार नाही. 'को जागर्ति' ती घरीही विचारते.

जनरेटर लोकांपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. खाऱ्या दमट हवेत जोडण्या लवकर गळतात, म्हणून प्रत्येक लाइनला गळती झाली की आपोआप तुटणारा स्विच हवाच, आणि तो आमच्या समोर दाबून बघायचा. जमिनीवरून एकही केबल वाटेत आडवी टाकायची नाही, फळीखालूनही नाही. ती झाडांवरून वरून न्यायची. का, ते सांगून झालं आहे. दूध तापवायचे गॅस मंचाजवळ नकोत. प्यायच्या पाण्याचे पिंप चार ठिकाणी. रुग्णवाहिकेची वाट मोकळी राहावी म्हणून तिथे एकही मोटार लावू द्यायची नाही, पदाधिकाऱ्यांचीही.

परवानग्यांचं आम्ही बघतो. पालिका, पोलीस, अग्निशामक दल, किनारपट्टी व्यवस्थापन प्राधिकरण, सगळीकडे अर्ज जावे लागतात आणि अर्ज श्रावणाआधी गेले पाहिजेत. चवथीच्या धावपळीत कोणी फाईल उघडत नाही, हे आम्ही आमच्याच खात्यावरून सांगतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची गर्दीच्या कार्यक्रमांसाठीची मार्गदर्शक पुस्तिका २०१४ ची आहे. ती छापून चिटणीस वहिनींकडे दिली आहे. इंग्रजीत आहे, पण आकृत्या आहेत.

परवा काकींना सांगायला गेलो. म्हटलं, कोजागिरी मिरामारला घेतोय, बागेत, जिना नाही, गाडी अगदी कडेपर्यंत येते. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "दारं किती?" आम्ही म्हटलं, काकी, दारच नाही, पूर्ण बाजू उघडी ठेवतोय. त्या म्हणाल्या, "बघू, नकाशा आणून दाखवा आधी."

नकाशा अजून काढलेला नाही. आज काढला तर पुन्हा साडेचारचा नकाशा होईल. म्हणून विनंती अशी. येत्या वैशाख पौर्णिमेला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, रात्री साडेदहाला मिरामारच्या बागेपाशी जमू. तासाभरात पाणी कुठवर येतं ते सुरूच्या झाडांवर खडूने खुणा करून मोजू. पावसाळ्यात वाळू वाहून गेल्यावर पुन्हा एकदा मोजायचं आहे, भाद्रपद पौर्णिमेला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. विसर्जनाने सगळे दमलेले असतील याची कल्पना आहे, पण आश्विनातल्या पाण्याचा अंदाज देणारी तीच रात्र आहे. तरुण मंडळींपैकी चौघं तरी यावेत. जुन्या चपला घाला, टॉर्च आणा. टेप आम्ही आणतो. दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं.